जुरोणाची मुगा चादर

हे कुणाला खरं वाटणार नाही. वाटूही नये. खऱ्यावर विश्वास ठेवायला काय लागतं, बैलसुद्धा ठेवतो. खोट्यावर ठेवायला मात्र माणूस दिलदार असावा लागतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, कलंग नदीच्या दोन्ही काठांवर असली गोष्ट आधी घडली नाही आणि पुढेही घडायची नाही. कापडानं माणसांचं ऐकायचं नाकारलं. आणि तेही ऐऱ्यागैऱ्या कापडानं नव्हे, मुग्यानं, आमच्या सोनेरी रेशमानं.

चादर म्हणजे आमच्या बायका कमरेच्या मेखल्यात एक टोक खोचून खांद्यावर घेतात ते वस्त्र. पाटाची रेशमी चादर खांद्यावरून घसरली तर त्यात नवल नाही. पाट म्हणजे नुसतं लोणी. एरीची चादर जाड, ती बसली की म्हशीसारखी बसते. पण मुगा? भाताच्या पेजेची खळ दिलेला कोरा मुगा एकदा खांद्यावर टाकला, की वसुलीला आलेल्या पाहुण्यासारखा ठाण मांडतो. वाऱ्यात उभे राहा, वाका, भांडा, नाचा, तो काही हलायचा नाही. असा मुगा भरल्या घरात, गावच्या झाडून साऱ्या बायकांच्या देखत घसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

ती चादर पद्मेश्वरीच्या हातची.

पद्मेश्वरी म्हणजे महीकांतची बायको. महीकांत सुपारीच्या झाडावरून पडला नाही, नदीत बुडाला नाही, हत्तीनं त्याला सोंडेत धरून आपटलं नाही. यातलं काही झालं असतं तर सांगणाऱ्याची सोय झाली असती. तो दुपारी जेवला, हात धुतले, ओसरीच्या खांबाला टेकला आणि टेकलेलाच राहिला. पद्मेश्वरीनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. ती आत गेली आणि भांड्यात उरलेल्या भातावर झाकण ठेवलं.

गावच्या बायका रडायला आल्या. त्यांनी गळे काढले, ऊर बडवून घेतले. पद्मेश्वरी त्यांच्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "चहा टाकू का?" बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं नाक पुसत सांगितलं, "टाक, पण साखर बेतानं." तिनं टाकला. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. अंगातलं काहीतरी बंद पडलं होतं, एवढंच. घड्याळ बंद पडावं आणि भिंतीवरून काढायचं कुणाच्या लक्षात येऊ नये, तसं.

पुढे लोक वाटेल ते सांगायला लागले. म्हणे, तिनं एकदा अख्खी भूत जोलोकिया काकडीसारखी कचाकचा खाल्ली आणि विचारलं, "आज आभाळ आलंय का?" म्हणे, ती मागावर बसली की इतकी गप्प, की चिमण्यांनी मागाच्या वरच्या बांबूत घरटं केलं आणि पिल्लं उडून जाईपर्यंत तिला पत्ता नव्हता. मिरचीचं मी बघितलेलं नाही. चिमण्यांचं घरटं मात्र होतं, मी त्याखालून वाकून गेलोय.

तर तिचा एकुलता एक मुलगा लोहित. महीकांत होता तेव्हाच त्याचं नदीपलीकडच्या धेमाजान गावच्या नियरीशी ठरलं होतं. आणि लग्न ठरलं की मुलाच्या आईचं काम ठरलेलं. लग्नाआधी वाजतगाजत मुलीच्या घरी जायचं, तिच्या भांगात तेल घालायचं, कुंकू भरायचं, आपण आणलेले दागिने तिच्या गळ्या-हातांत घालायचे आणि आपण विणलेली चादर आपल्या हातानं तिच्या खांद्यावर टाकायची. हे झालं जुरोण. ज्या बाईनं ती चादर टाकली, तिनं त्या मुलीला घरात घेतलं. मग भटजी मंत्र म्हणोत नाहीतर झोपा काढोत.

म्हणून नवराबायकोनं आधीच मुग्याचे कोश आणून ठेवले होते. आता कोशातून मुग्याचा धागा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकानं उकळलेल्या कोशांतून तंतू उचलायचे, दुसऱ्यानं चाक फिरवत ते कोपरापुढच्या उघड्या हातावर वळून एकजीव करायचे. पद्मेश्वरी उचलायची, महीकांत वळायचा. त्याच्या त्या हातावरचे केस त्या धाग्यांनी झिजून गेले होते, बापयाचा हात बाळंतिणीसारखा गुळगुळीत. त्याचा धागा मात्र असा निघायचा की डोळे मिटून बोटांतून सोडला तर धागा गेला की वारा गेला कळू नये.

अर्धे कोश झाले आणि तो खांबाला टेकला.

उरलेले अर्धे लोहितनं वळले. पोरगा कामसू, पण हात राठ. त्याच्या धाग्याला जागोजाग गाठी, बारीक बारीक, मोहरीएवढ्यासुद्धा नाहीत, पण होत्या. पद्मेश्वरी काही बोलली नाही. तिनं आधी बापाचा धागा विणला, मग मुलाचा. चादरीचा एक अर्धा भाग साईसारखा, दुसरा किंचित खरखरीत. डोळ्यांना दोन्ही सोन्याचेच. फरक फक्त बोटांना कळायचा, आणि तोही तिच्याच बोटांना. विणता विणता तिच्या मनात एवढं एकच आलं होतं, की बापाचं टोक सुनेच्या कमरेला आत खोचायचं, अंगालगत, आणि मुलाचं टोक खांद्यावरून सोडायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

राहिले दागिने. दागिने तिचेच होते. गळ्यातला ढोलबिरी, म्हणजे बोटाच्या पेराएवढा सोन्याचा ढोल, त्यावर दोन्ही बाजूंनी लाल खडे. आणि हातांतले रुंद गामखारू. महीकांत गेला त्या दिवशी तिनं ते उतरवले आणि हात जिकडे गेला तिकडे ठेवून दिले. हात गेला चुलीवरच्या फळीकडे. चुलीवर बांबूची फळी टांगलेली असते, धुरात मासे सुकवायची. तिथं बांबूचं एक नळकांडं होतं. त्यात दागिने सरकवले, वर केळीचं पान कोंबलं, आणि विसरली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, ती कपाळावर हात मारून घेईल. आमचे दागिने काही भरीव सोन्याचे नसतात. भरीव सोनं राजाच्या घरी. आमच्या ढोलाच्या पोटात लाख असते. लाखेचा ढोल, आणि वर सोन्याचा पातळ पत्रा. सुनेनं एकवेळ सासूशी भांडण काढावं, पण दागिना विस्तवाजवळ नेऊ नये, हे पोरीला बोलायला लागण्याआधी शिकवतात. पद्मेश्वरीनं तो चुलीवर ठेवला होता. वर्षभर.

जुरोण तोंडावर आलं तेव्हा मोठी जाऊ हेमकांती दागिने बघायला आली. हेमकांती म्हणजे नवरा हयात, तीन मुलगे, आवाज असा की ती अंगणात बोलली तर नदीतली नाव काठाला लागायची. पद्मेश्वरीनं नळकांडं उतरवलं आणि सुपात पालथं केलं. आधी वाळलेल्या लाखेचा काळपट तांबडा गोळा पडला. मग चार खडे. मग गामखारू, धुरानं काळे पण शाबूत. मग ढोल.

"हे काय गं?" हेमकांतीनं विचारलं.

"ढोल, बाइदेव," पद्मेश्वरी थोरलीला म्हणाली.

"ढोल? हा ढोल? अगो, हा पापड आहे पापड! कुणी बसलं काय यावर?"

"चुलीवर होता."

हेमकांतीनं तोंड उघडलं ते मिटायलाच तयार नव्हतं. "चुलीवर? लाखेचा दागिना चुलीवर? तुला कळत नाही?"

"कळतं."

"मग?"

"ठेवला."

हेमकांतीनं पदर कमरेला खोचला. गेले कित्येक महिने हे बोलायची ती संधी शोधत होती, ती आता आयती सुपात येऊन पडली.

"पद्मे, मी वाईट बोलत नाही. देवाशपथ माझ्या मनात काही नाही. पण हा शकुन आहे. पांढऱ्या कापडातल्या बाईच्या हातानं नव्या नवरीला काही घालायचं नसतं, हे आजवर मी तोंडानं काढलं नाही…"

"परवा काढलं होतं, बरमा," लोहित दारातून मोठ्या काकूला म्हणाला. "आणि त्याच्या आदल्या हाटाच्या दिवशीही. हाटात."

"तू गप रे! नवरदेवानं बायकांच्यात बोलू नये, मिशा गळतात." हेमकांती पुन्हा जावेकडे वळली. "आता बघ, दागिनाच सांगतोय. तेल मी घालीन. ढोल मी घालीन. चादर मी टाकीन. तू ये, नाही कोण म्हणतं? दाराशी उभी राहा, डोळे भरून बघ. मुलगा तुझाच आहे."

"आईनं विणलीय चादर," लोहित म्हणाला. "आईच टाकेल."

"आणि पुढं काही झालं की? पोर आजारी पडलं, गाय आटली, की सगळे बोट कुणाकडे दाखवतील? माझ्याकडे नाही रे बाबा, तुझ्या आईकडे! मी तिच्याच भल्याचं बोलतेय."

तेही खोटं नव्हतं. गाव तसं बोट दाखवतं. दोघांनी पद्मेश्वरीकडे पाहिलं. ती सुपातले खडे एका बाजूला करत होती.

"बरं," ती म्हणाली.

"आई, तुला चालेल हे?"

"न चालायला काय झालं?"

लोहितनं दाराच्या चौकटीला एक लाथ घातली आणि गेला. पद्मेश्वरी तिथंच बसली. कुठं दुखतंय का ते तिनं शोधून पाहिलं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं मन इकडे गेलं, तिकडे गेलं. काही सापडलं नाही. तिनं खडे फडक्यात बांधले आणि सोनाराकडे निघाली.

थानेश्वर सोनार म्हणजे तो ढोल मुळात ज्यानं घडवला तो. डोळ्यांवर जाड भिंगं, तोंडात कायम तामूल-पान. त्यानं पापड झालेला ढोल तळहातावर घेतला आणि लहान पोराचा ताप बघावा तसा त्याला अंगठ्यानं चाचपला.

"महीकांत आला होता तेव्हा मी त्याला म्हटलं होतं," तो म्हणाला, "की बाबा, खडे हिरवे घे, लाल खडा चुगली करतो. तो म्हणाला, करू दे, लालच दे."

"हं."

"हं काय? रड की जरा. एवढी जुनी गोष्ट काढली मी."

"होईल का नीट?"

"होईल. लाख गेली तरी पुन्हा भरता येते. पत्रा फाटला नाही हे नशीब. माणसाचं असं नसतं." असं म्हणून तो स्वतःच्याच वाक्यावर खूश झाला आणि त्यानं विस्तव फुलवला.

लाखेची कांडी पेटत्या कोळशावर धरून त्यानं ती मऊ केली आणि ढोलाचं पोट भरायला घेतलं. पद्मेश्वरी समोर बसून फडकं धरत होती. लाखेचा एक थेंब तिच्या बोटावर पडला, उकळता. ती त्या थेंबाकडे बघत राहिली. तो आधी चमकला, मग मळकट झाला.

"अगं ओरड!" थानेश्वरच ओरडला. "बोट ओढ! हे देवा, माझंच भाजल्यासारखं वाटतंय मला!"

तिनं बोट ओढलं, थेंब नखानं खरवडून काढला आणि कोळशात टाकला.

संध्याकाळच्या आत ढोल उभा राहिला. गोल, ताठ, जसा होता तसा. थानेश्वरनं त्यात दोरा ओवला आणि पुढं केला. "घालून बघ जरा. वजन सरळ लोंबतंय का बघायला हवं. तिरका लोंबला तर ढोल नाही, तुंबडी दिसते."

"मला चालत नाही घालायला."

"घटकाभर. कोण बघतंय?"

"नको."

तेव्हा थानेश्वरनं सुस्कारा सोडला, धोतराचा सोगा खांद्यावर टाकला, ढोल स्वतःच्याच गळ्यात बांधला आणि नव्या नवरीसारखी मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहिला. छातीवर पांढरे केस, त्यांत तो सोन्याचा ढोल. "सांग, सासूबाई, कशी दिसते तुमची सून?"

कुणीही हसलं असतं. दुकानापुढून जाणारी गाय हसली, असं थानेश्वर मरेपर्यंत सांगायचा. पद्मेश्वरी म्हणाली, "सरळ लोंबतोय," आणि ढोल घेऊन घरी आली.

मग जुरोणाचा दिवस. फाल्गुनातली दुपार, सावरीची फुलं रस्ताभर पडलेली. नावेतून नदी ओलांडून हेमकांती पुढं, तिच्या मागं बायका, पायाच्या पितळी तबकात, शराईत, तामूल-पान, टोपल्यांत तिळाचे पिठे आणि नारळाचे लाडू. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले मेखला-चादर, लाल-हिरव्या फुलांचे. सर्वांच्या मागं पद्मेश्वरी, पांढऱ्यात. तिच्या हातात चादरीचं बोचकं होतं. ते धेमाजानच्या फाटकाशी हेमकांतीनं काढून घेतलं.

"दे, आता माझ्याकडे दे."

तिनं दिलं. हात तसेच थोडा वेळ पुढं राहिले, मग खाली आले.

मुलीकडच्या बायका गाणी घेऊन टपलेल्याच होत्या. पाहुण्यांचे पाय अंगणात पडले न पडले तो सुरू:

"विहीणबाई आली नटून-थटून,
पोटात भूक घेऊन गं,
लाडवांची टोपली झाकून ठेवा,
जाईल पदरी बांधून गं!"

हेमकांतीकडच्या बायका काय कमी? त्यांनी तिथंच उभ्या उभ्या उत्तर दिलं:

"लाडू तुमचे दगडाहून टणक,
दात पडले घरी गं,
असले लाडू खाण्यापेक्षा
उपाशी आम्ही बरी गं!"

हशा झाला, टाळ्या झाल्या, हेमकांतीचा ऊर अभिमानानं भरून आला. सगळ्या आत गेल्या. पद्मेश्वरी दाराशी थांबली. आत चटईवर नियरी मान खाली घालून बसली होती, न्हाऊन आलेली, मोकळ्या केसांची. सावळी, रुंद कपाळाची मुलगी. पद्मेश्वरीला वाटलं, ही लोहितची बायको. एवढंच वाटलं. त्यापुढं काही वाटायला हवं होतं, ते आलं नाही. बायका येत होत्या, जात होत्या, तिच्या अंगावरून वळसा घालून, खांबाला घालावा तसा.

हेमकांतीनं मुलीच्या भांगावर सुपारी आणि अंगठी ठेवून तेल सोडलं. कुंकू भरलं. गामखारू हातांत चढवले. ढोल गळ्यात घातला, तो सरळ लोंबला. बायकांनी जीभ हलवत उलूध्वनी केला. मुलीला आत नेऊन नवा मेखला नेसवून पुन्हा चटईवर बसवलं आणि हेमकांतीनं चादरीची घडी मोडली.

दुपारचं ऊन खिडकीतून त्या मुग्यावर पडलं आणि जणू घरात कुणी मोहरीचं शेत उलगडलं. मुलीची आई नकळत पुढं सरकली, तिनं काठाला हात लावला आणि मागं घेतला.

हेमकांतीनं एक टोक उचललं आणि मुलीच्या कमरेला खोचलं.

ते मुलाचं टोक होतं. दारातून पद्मेश्वरीनं ते पाहिलं. कसं दिसलं ते देव जाणे, गाठी काही तिथून दिसत नाहीत. उलटं, ती मनात म्हणाली. उलटं खोचलं. तिचं तोंड उघडलं. पण आतून आवाज निघाला नाही, आणि तिनं ते मिटलं. काय फरक पडतो? तिनं स्वतःला विचारलं. उत्तर आलं, काही नाही. ती तशीच उभी राहिली.

हेमकांतीनं चादर पाठीवरून फिरवली, खांद्यावर टाकली, दोन पावलं मागं सरकून कौतुकानं पाहिलं. आणि चादर सुळ्ळकन खाली आली.

"नवी आहे," हेमकांती हसून म्हणाली. "लाजते."

पुन्हा टाकली. चापून, निऱ्या करून. पुन्हा मागं सरकली. चादर पुन्हा खाली.

आता बायका कुजबुजल्या. "मुगा घसरतोय?" "अगो, मुगा कुठं घसरतो?" "खळ कमी पडली असेल." "खळ बघ की, उभी राहील एवढी कडक आहे!" हेमकांतीच्या कपाळावर घाम आला. तिनं स्वतःच्या चादरीची पिन काढून लावली. ती पिन, ऐका, तिच्या डोळ्यांदेखत वाकडी झाली, केळीच्या फुटव्यासारखी. चादर खाली. गाणाऱ्या बायकांचं गाणं केव्हाच थांबलं होतं. फक्त एक म्हातारी, जिला ऐकू येत नव्हतं, ती लाडवांचंच कडवं एकटी म्हणत होती.

कोपऱ्यात नियरीची आजी बसली होती, तोंडात एक दात, पण डोळे सुईसारखे. ती म्हणाली, "विणली कुणी?"

हेमकांती वाकडी पिन उचलायला वाकली.

"विणणारणीला नावच नाही? का कोळ्यानं विणली?"

"माझ्या धाकट्या जावेनं," हेमकांती म्हणाली. "पण ती… तिचा नवरा गेल्या वर्षी…"

"बाई हयात आहे ना?"

"आहे."

"मग बोलवा. ज्या हातानं खळ दिली त्याला घडी माहीत. असली कोरी चादर परक्या हाताला बसत नाही."

"आजी, शुभकार्य आहे. ती पांढऱ्यातली बाई. पुढं काही झालं तर लोक…"

"आणि मी कशातली आहे गं? लाल नेसलेय का मी?" आजीनं आपली पांढरी चादर हेमकांतीच्या नाकासमोर झटकली. "आज पहाटे या पोरीला मी न्हाऊ घातलंय. तीस वर्षं झाली माझ्या म्हाताऱ्याला जाऊन. काढून टाकायचं का ते पाणी अंगावरचं? बोट दाखवायचं तर माझ्याकडे दाखवू दे लोकांना. मला दिसत नाही लांबचं."

हेमकांतीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मुलीची आई खाली बघत होती, पण दाराकडे जायची वाट तिनं टोपली सरकवून मोकळी केली. शेवटी हेमकांतीनं आवाज न चढवता, जन्मात पहिल्यांदा, हाक मारली, "पद्मे. ये गं."

पद्मेश्वरी आत आली. ती मुलीपुढं गुडघ्यांवर बसली. कमरेला खोचलेलं टोक काढलं, चादर हातावर फिरवून दुसरं टोक बोटांत घेतलं. बापाच्या हाताचं. ते आत खोचलं, अंगालगत, नीट, चार बोटं खोल. मग चादर पाठीमागून आणली आणि लोहितच्या गाठींचा भाग खांद्यावर सोडला. हात क्षणभर तिथंच राहिला. मुलीचा खांदा गरम होता.

तिला रडू फुटलं, असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. नाही फुटलं. तिनं एवढंच विचारलं, "आवळ झाली का?"

"नाही."

"टोचतेय?"

"नाही, आई."

पद्मेश्वरीनं मान हलवली. कुणीतरी तिच्यामागं पाट सरकवला. पाटाकडे ती जरा वेळ बघत राहिली, मग बसली.

आणि चादर? चादर बसली ती बसली. तेवढ्यात नदीकडून फाल्गुनी वावटळ उठली. असली तसली नाही. गोठ्याचं छप्पर गेलं, शराईतलं पान गेलं, हेमकांतीची चादर गेली ती तिसऱ्या दिवशी तेजपूरच्या एका नावाड्याला सापडली. तीन बकऱ्या उडाल्या, त्यांतल्या दोन परत आल्या. पण नियरीच्या खांद्यावरच्या त्या मुग्याची एक निरी, एक निरी जरी हलली असेल तर…

"खोटं!"

माझी गोष्ट ऐकायला जमलेल्यांचे लाल चहाचे पेले गोळा करता करता नियरीच उभी राहिली होती. तिचे आता केस पांढरे झालेत, पण आवाज ठणठणीत.

"बकऱ्या आपल्या नव्हत्याच बाई," मी म्हटलं, "म्हणून तुला आठवत नसतील."

"बकऱ्या राहू द्या, काका. वावटळही राहू द्या. चादर घसरलीच नाही त्या दिवशी. मुगा कधी घसरतो का? मी खांदा पाडत होते. बरमांनी टाकली की पाडायचा, टाकली की पाडायचा. पिनही मीच वाकवली, अजून डाग आहे अंगठ्याला. मान खाली घालून बसलेल्या मुलीला पापण्यांआडून समोरचं दारच दिसतं. दारात त्या उभ्या होत्या, चेहरा दगडासारखा, आणि त्यांची बोटं आपल्याच पोटाशी नसलेली चादर खोचत होती. त्यांना ठाऊकही नव्हतं. मला दिसत होतं ना."